फियॉर्डलँडचा दिवस डेकवरून कसा पाहावा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील फियॉर्डलँडमध्ये मोठी क्रूझ जहाजे प्रवाशांना सहसा उतरवत नाहीत. त्यामुळे हा दिवस विश्रांतीचा समजून अनेक जण उशिरा उठतात आणि निम्मा किनारा गमावून बसतात. जहाज कोणत्या दिशेने येणार आहे, हे आदल्या रात्रीच विचारून घ्यावे. पूर्व किनाऱ्यावरील ड्युनेडिन शहराकडून येणारे जहाज बहुधा सकाळी डस्की साउंडमध्ये (साउंड म्हणजे येथे उंच कड्यांमधून जमिनीत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा, म्हणजेच फियॉर्ड) शिरते आणि मिलफर्ड साउंडला शेवटी पोहोचते; ऑस्ट्रेलियाकडून येणाऱ्याचा क्रम साधारणपणे उलटा असतो.

खोलीला बाल्कनी असली तरी तिच्यावर विसंबू नये. डस्कीत शिरलेले जहाज अ‍ॅकरॉन पॅसेजमधून ब्रेकसी साउंडमार्गे बाहेर पडते, तर डाउटफुल साउंडमध्ये ते सेक्रेटरी बेटाला वळसा घालून थॉम्पसन साउंडमधून समुद्रावर येते. दोन्ही ठिकाणी परतीची वाट वेगळी असल्याने बाल्कनीतून एकच बाजू दिसते. म्हणून तेथे पुढच्या किंवा सर्वांत वरच्या डेकवरच उभे राहावे. मिलफर्डमध्ये मात्र जहाज आतल्या टोकाशी वळून त्याच वाटेने परतते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे कडे आळीपाळीने समोर येतात आणि बाल्कनीही पुरते.

पावसाने हिरमुसू नये. मिलफर्डला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो पडत असतानाच उभ्या कड्यांवरून शेकडो तात्पुरते धबधबे कोसळू लागतात. कोरड्या दिवशी बोवेन आणि स्टर्लिंग हे बारमाही धबधबेच प्रामुख्याने उरतात. १,६०० मीटरहून उंच मायटर पीक ढगांत दडले तरी, माझ्या मते, हा सौदा फायद्याचाच. जलरोधक जाकीट, टोपी आणि लेन्स पुसायला दोन-तीन कोरडी फडकी जवळ ठेवावीत.

दुर्बिणीतून कड्यांवरील फिकट हिरवे उभे पट्टे शोधावेत. उघड्या खडकावर शेवाळात मुळे गुंतवून उभी असलेली झाडे एकमेकांना ओढत घसरतात आणि मागे हे पट्टे राहतात. पाणी काळसर दिसते, कारण जंगलातून चहाच्या रंगाचे होऊन आलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते. त्याने उजेड अडत असल्यामुळे एरवी खोल समुद्रात राहणारे काळे प्रवाळ येथे बरेच वर वाढते.

डस्कीत ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकचे ‘रेझोल्यूशन’ जहाज १७७३ च्या मार्चमध्ये येऊन काही आठवडे थांबले होते. डाउटफुलच्या मुखाशी मात्र तो १७७० मध्येच येऊन परतला होता, कारण आत शिरल्यावर पुन्हा बाहेर पडण्याजोगा वारा मिळेल याची त्याला खात्री नव्हती. साउंडच्या नावातली शंका ती हीच.

दोन फियॉर्डांमधला प्रवास टास्मन समुद्राच्या उघड्या लाटांवरून होतो. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी गोळी जहाज मुखाबाहेर पडण्याच्या बऱ्याच आधी घ्यावी आणि जेवणही आत, शांत पाण्यातच उरकावे. मिलफर्ड मागे पडल्यावर लगेच खोलीत न जाता काही वेळ मागच्या डेकवर थांबावे. जहाजाच्या मागून पंख न हलवता तरंगत येणारे अल्बाट्रॉस तेथून दिसू शकतात.