नवा व्हिडिओ कॅमेरा घरी आल्यावर, मुंजीच्या आधी

घरात मुंज किंवा साखरपुडा ठरला की व्हिडिओ कॅमेरा घेतला जातो, आणि पुष्कळदा तो पहिल्यांदा चालू होतो तो थेट कार्यालयात. तसं करू नका. निदान आठ दिवस आधी खोकं उघडा. चित्र कॅमेरा बऱ्यापैकी सांभाळून घेतो. घात होतो तो कार्ड, दिवे आणि आवाज या तीन ठिकाणी, आणि तिन्ही चुका घरच्या हॉलमध्येच पकडता येतात.

आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. पहिल्या वेळी रात्रभर लावून ठेवायचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियमला तो लागू नाही. मग तारीख-वेळ बिनचूक लावा. पाच वर्षांनी शंभर फायलींतून बारसं शोधताना तीच कामी येते.

कार्ड ६४ जीबीचं, वर ‘व्ही३०’ छापलेलं घ्या. व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. फुल एचडीत सेकंदाला २५ मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट) या दराने तासाला साधारण ११ जीबी जागा लागते. फोर-केमध्ये १०० मेगाबिटला ४५ जीबी, म्हणजे तेच कार्ड सव्वा तासाच्या थोडं पुढे संपतं. घरच्या कार्यक्रमाला फुल एचडी पुरतं असं आमचं स्पष्ट मत आहे. बनावट कार्डं बाजारात भरपूर आहेत: वर ६४ लिहिलेलं, आत जागा ८ची. कॅमेऱ्याला पत्ता लागत नाही, तो लिहीत राहतो आणि चित्रण हरवतं. म्हणून कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, एकदा काठोकाठ भरा, आणि पहिली, मधली व शेवटची फाइल संगणकावर लावून बघा.

आता दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही. पण कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० शटरवर, म्हणजे दर फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड घेत असेल तर दर फ्रेमला वेगळा उजेड मिळतो आणि चित्रावर काळसर पट्टे सरकू लागतात. हे नंतर धड निघत नाहीत. मेनूत जाऊन ‘एनटीएससी’चं (६० हर्ट्झच्या देशांची पद्धत) ‘पाल’ (५० हर्ट्झची) करा, २५ किंवा ५० फ्रेम निवडा, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. या बदलानंतर काही कॅमेरे कार्ड पुन्हा फॉरमॅट करायला लावतात, म्हणून हे काम कार्ड रिकामं असतानाच उरका. तरीही एखाद्या एलईडी माळेचा त्रास राहतोच. तेवढी माळ बंद करायला सांगा.

होमाजवळ एक वेगळी अडचण येते. ज्वाळा चौकटीत आली की ऑटो एक्सपोजर, म्हणजे उजेड आपोआप जुळवणारी सोय, सगळं चित्र गडद करतं आणि बटूचा चेहरा काळा पडतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवून एक्सपोजर तिथेच लॉक करा. ज्वाळा पांढरी फटक दिसेल, दिसू द्या. आपल्याला चेहरा हवा आहे.

आवाजाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. हलतं चित्र माणसं चालवून घेतात. आजीचा आशीर्वाद ऐकूच आला नाही तर परत मिळत नाही. आवाजाची पातळी ऑटोवर असेल तर माणसं गप्प झाली की कॅमेरा आवाज आपोआप वर चढवतो आणि छताच्या पंख्याची घरघर पुढे येते. शक्य तिथे पंखा बंद करा आणि बोलणाऱ्यापासून एक-दीड मीटरवर उभे राहा. माइकची ३.५ मिमी खाच असेल तर साधा कॉलर माइकही कॅमेऱ्यातल्या माइकपेक्षा सरस. पातळी हाताने लावताना बोलण्याची टोकं पडद्यावरच्या आवाजाच्या पट्टीत उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा (शून्य ही वरची मर्यादा).

सुरुवातीला लाल ठिपका आणि पुढे सरकणारे सेकंद, दोन्ही बघायची सवय लावा. बटण चुकून दोनदा दाबलं जातं, मग मंगलाष्टकं सुटतात आणि जमिनीचं चित्रण मात्र अर्धा तास होतं. प्रत्येक शॉट मनात दहा मोजेपर्यंत स्थिर धरा. झूम आधी करा, मग बटण दाबा. डिजिटल झूम मेनूतून बंदच करा. ट्रायपॉडवर स्थिरीकरण (हाताची थरथर काढणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर काही कॅमेऱ्यांत चित्र उगाच तरंगतं.

घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर प्रती करा, दोन्ही उघडून बघा आणि मगच कार्ड पुसा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, बॅटरी निम्मी चार्ज करून बाहेर काढून.