‘क्वालिटी’ म्हणजे नेमकं काय? ऑर्डर देताना या चुका टाळा

कोल्हापूर पट्ट्यात धंदा करणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘क्वालिटी’ हा शब्द दिवसभर असतो. इचलकरंजीत कापडाची, हुपरीत चांदीची, शिरोली एमआयडीसीत कास्टिंगची (ओतीव धातूच्या भागांची), मार्केट यार्डात गुळाची. माल परत येतो, पैसे अडकतात, वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात, तेव्हा दर वेळी कुणी कुणाला फसवलेलंच असतं असं नाही. बरेचदा घेणाऱ्याने शब्दाचा एक अर्थ धरलेला असतो, देणाऱ्याने दुसरा, आणि दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. ही भांडणं टाळता येतात, आणि टाळायलाच हवीत.

‘कुठली क्वालिटी?’ या प्रश्नाला ‘चांगली’ असं उत्तर देणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. इचलकरंजीच्या कापड बाजारात नवा माणूस जातो आणि म्हणतो, ‘चांगल्या क्वालिटीचं कापड दाखवा.’ व्यापारी उलट विचारतो, ‘कुठली क्वालिटी?’ नव्या माणसाला वाटतं, हा टाळतोय. पण यंत्रमागाच्या धंद्यात क्वालिटी म्हणजे कापडाची बांधणी: ताण्याचा काउंट (सुताच्या बारीकपणाचा आकडा), बाण्याचा काउंट, इंचाला उभे धागे किती, आडवे किती, आणि पन्हा किती. ‘६०-६०, ९२-८८’ असं म्हटलं की दोन्हीकडे साठ काउंटचं सूत, इंचाला ९२ उभे आणि ८८ आडवे धागे, एवढं समोरच्याला कळतं. यात चांगलं-वाईट काही नाही, ही कापडाची जात झाली. तुम्हाला शर्ट शिवल्यावर रंग टिकायला हवा असेल, धुतल्यावर कापड आटायला नको असेल, तर ते या आकड्यांत कुठेच नाही. ते प्रोसेसवर, म्हणजे विणल्यानंतरच्या धुलाई-रंगाईवर, ठरतं आणि वेगळं सांगावं लागतं.

तपासणी मात्र कुणालाही जमते. पीक ग्लास म्हणजे घडीची छोटी भिंगाची चौकट. ती कापडावर ठेवायची, सुईच्या टोकाने एकेक धागा मोजत जायचं. ठरलं ८८ आणि निघाले ८४, तर इंचामागे चार धाग्यांचं सूत कमी पडलं, आणि विणकराची मजुरीही पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांवर, असल्याने तीही वाचली. दर ८८ चा लागला असेल तर तक्रार रास्त आहे. फक्त मोजणी कोऱ्या, म्हणजे प्रोसेस न झालेल्या, कापडावर करा. प्रोसेस झालेलं कापड आटतं किंवा ताणलं जातं, त्यामुळे धाग्यांचा आकडा बदलतो. त्या आकड्यावरून विणकराशी भांडणं अन्यायाचं आहे.

दुकानातल्या ‘यात तीन क्वालिटी येतात’ या वाक्याचंही असंच. त्याचा अर्थ तीन प्रकार किंवा तीन दर. महागातला तुमच्या कामाला चांगला असेलच असं नाही.

वरचा ग्रेड म्हणजे चांगला माल असं धरणं

फौंड्रीत येणाऱ्या चौकशीत ‘सगळ्यात चांगल्या ग्रेडचं कास्टिंग पाहिजे’ असं अजूनही लिहिलेलं असतं. एफजी २६० म्हणजे करड्या बिडाचा असा ग्रेड, ज्याच्या चाचणीच्या दांड्याने चौरस मिलिमीटरला किमान २६० न्यूटन ताण सोसला पाहिजे. एसजी ५००/७ हा एसजी नावाच्या चिवट बिडाचा ग्रेड, म्हणजे ५०० चा ताण आणि तुटण्याआधी ७ टक्के लांबणं. आकडा मोठा म्हणून मशीनच्या बेडला एसजी मागणारे आहेत. पण करडं बीड कंपनं शोषतं, मशिनिंगला सोपं जातं आणि स्वस्तही पडतं. बेडसाठी तेच योग्य. उलट धक्के खाणाऱ्या भागाला करडं बीड दिलं तर तो तडकेल. ग्रेड ही कामाशी घातलेली जोडी आहे. अमेरिकन तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी ‘वापराला योग्य’ अशी गुणवत्तेची ओळख सांगितली, ती इथे चपखल बसते.

एमआयडीसीत याच शब्दाला आणखी दोन अर्थ आहेत. ‘क्वालिटीने लॉट अडवला’ यातली क्वालिटी म्हणजे तो विभाग, तिथली माणसं. आणि त्यांच्या लेखी क्वालिटी म्हणजे ड्रॉइंगशी जुळणं. समजा ६२ मिमीच्या बोअरला (भोकाला) अधिक ०.०३ मिमीची टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, आहे. गेजमध्ये ६२.०४ आलं की तो नग रिजेक्ट, मग तो कितीही देखणा असो. शॉट ब्लास्ट (छर्ऱ्यांचा मारा) करून रंग दिलेलं गुळगुळीत कास्टिंग बघून खूश झालेल्या गिऱ्हाइकाला बोअरिंग करताना आत ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी, सापडतं, तेव्हा दिसण्याची क्वालिटी आणि मालाची क्वालिटी वेगळी असल्याचं कळतं. रंगाखाली काय आहे याची खात्री हवी असेल तर ऑर्डरमध्ये लिहा: स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे त्याचा), हार्डनेस, हीट नंबर (माल कुठल्या वितळणीतला त्याचा), आणि कुठल्या जागी ब्लो होल अजिबात चालणार नाही. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात.

हार्वर्डचे डेव्हिड गार्विन यांनी १९८४ मध्ये या शब्दाकडे बघायच्या पाच दृष्टी मांडल्या होत्या: बघताक्षणी जाणवणारं श्रेष्ठत्व, मालातला मोजता येणारा गुण, वापरणाऱ्याचं समाधान, ठरलेल्या मापाबरहुकूम बनवणं, आणि किमतीच्या मानाने मिळणारं मोल. एका कंपनीतलं मार्केटिंग तिसऱ्यावर बोलतं, क्वालिटी विभाग चौथ्यावर आणि खरेदी विभाग पाचव्यावर, म्हणूनच मीटिंगा लांबतात.

रंग आणि चमक यांवर जाणं

शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली तेव्हापासून कोल्हापूरचा गूळ बाजारात नाव राखून आहे. सौद्यात पिवळाधमक, कणीदार रवा (गुळाची ढेप) दिसला की दर चढतो. व्यापाऱ्याची क्वालिटी म्हणजे रंग, कणी आणि टिकणं. खाणाऱ्याने तोच निकष उचलला की फसगत होते, कारण तो पिवळेपणा हायड्रॉस हे सल्फरचं रसायन घालूनही आणता येतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गुळातल्या सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घातली आहे ती यासाठीच. आता लोक उलट टोकाला गेलेत: काळा दिसला की ‘सेंद्रिय’. तेही खरं नाही. जमीन खारवट असेल, ऊस शिळा असेल किंवा काहिलीत रस जास्त आटला असेल तरी गूळ काळा पडतो. रंगावरून रसायन कळत नाही. गुऱ्हाळघराची माहिती विचारा किंवा प्रयोगशाळेचा अहवाल मागा.

दुधाचं याहून सरळ आहे. दूध संस्थेत गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) या पायावर ठरतो, म्हशीच्या दुधाचा ६ आणि ९ वर. फॅट दराचं माप आहे, स्वच्छतेचं नाही. ७ फॅटचं दूधही अस्वच्छ भांड्यात काढलं तर दुपारपर्यंत नासतं. घरी दूध फाटत असेल तर फॅटवरून वाद घालू नका, धार काढल्यापासून थंड होईपर्यंत किती वेळ गेला ते विचारा.

हुपरीच्या पैंजणात गिऱ्हाईक घुंगरांची चमक बघतं, कारागीर टंच बघतो. टंच म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती. डाग दिलेल्या (सांधलेल्या) जागी हलका धातू असतो, म्हणून सांगितलेला टंच अख्ख्या दागिन्याचा की नुसत्या तारेचा, हे मोडीच्या वेळी नाही, घेतानाच विचारा.

शिक्का बघून बाकी काही न विचारणं

आयएसओ ९००१ मालाला मिळत नाही, कंपनीच्या कामकाजाच्या पद्धतीला मिळतं. प्रमाणपत्रावर व्याप्ती आणि मुदत वाचा. ती ट्रेडिंगपुरती असेल तर उत्पादनाबद्दल ते काही सांगत नाही. एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर म्हणजे परवाना किंवा नोंदणी, दर्जाची श्रेणी नव्हे. कोल्हापुरी चप्पल आणि कोल्हापुरी गूळ या दोघांना जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, तो मूळ प्रदेश आणि पद्धतीची ग्वाही देतो. तुमच्या हातातल्या जोडाची शिलाई मात्र तुम्हालाच बघावी लागते. सोन्याचं हॉलमार्क मात्र त्या दागिन्यापुरतं बोलतं. त्यावरचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा.

बिनसलंच तर

माल वापरू नका. अर्धा लॉट वापरून उरलेला परत करणाऱ्याचं म्हणणं सहसा टिकत नाही. लॉट बाजूला ठेवा, लेबल लावा, हीट नंबर किंवा बॅच नंबरसह फोटो घ्या.

मग ‘क्वालिटी खराब आहे’ असं लिहू नका. त्यावर ‘आमची क्वालिटी एक नंबर असते’ हेच उत्तर येणार. काय ठरलं होतं, काय निघालं, कशाने मोजलं, किती नगांत सापडलं, एवढं लिहा. मोजणी दोघांच्या समोर, एकाच गेजने किंवा एकाच पीक ग्लासने व्हावी. गेज कधी तपासलं होतं हे विचारायला संकोच करू नका. मंजूर नमुना असेल तर तो काढा. नसेल तर पुढच्या ऑर्डरपासून दोन नमुने सही करून दोघांकडे एकेक ठेवा, आणि नमुन्यासोबत लॉटमधून किती नग तपासायचे तेही ठरवा, कारण निवडून दिलेला एक नग अख्ख्या लॉटची हमी देत नाही.

ठरलंच नव्हतं असं निघालं, तर ते मान्य करून तोडगा काढलेला बरा: रिवर्क, दरात सूट, किंवा ‘या लॉटपुरतं चालेल’ असं लेखी पत्र. त्या पत्रावर लॉट नंबर आणि नगसंख्या हवीच, नाहीतर पुढच्या खेपेला तोच माल ‘मागे चाललं होतं की’ म्हणून परत दारात येतो.