यूएन-हॅबिटॅटची रचना कशी समजून घ्यावी

केनियातील नैरोबीच्या गिगिरी भागात मुख्यालय असलेल्या यूएन-हॅबिटॅटचा, म्हणजे शहरे व मानवी वसाहतींसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा, एखादा ठराव किंवा अहवाल हाती आला, की प्रथम तो कोणत्या स्तरावरून आला आहे हे पाहावे, कारण 1978 साली केंद्र म्हणून स्थापन झालेल्या आणि 2002 पासून 'कार्यक्रम' हा दर्जा लाभलेल्या या संस्थेची शासनव्यवस्था 2018 च्या अखेरीस आमूलाग्र बदलली. त्यापूर्वीच्या कागदांत 58 सदस्यांची नियामक परिषद आढळेल. तिला आजची सर्व सदस्य राष्ट्रांची सभा समजण्याची चूक करू नये.

आज ही सभा साधारणपणे चार वर्षांतून एकदा भरते व धोरणात्मक योजना मंजूर करते. वार्षिक कार्यक्रम, अंदाजपत्रक आणि देखरेख मात्र 36 सदस्यांच्या कार्यकारी मंडळाकडे असते. त्यामुळे पैसा कुठे जातो हे जाणून घ्यायचे असेल, तर माझ्या मते सभेच्या घोषणापत्रापेक्षा मंडळाचे निर्णय आधी वाचावेत. स्थायी प्रतिनिधींची, म्हणजे सदस्य राष्ट्रांनी संस्थेकडे नेमलेल्या दूतांची, समिती सभेची पूर्वतयारी करते.

प्रत्यक्ष कारभार कार्यकारी संचालकांच्या हाती असतो. भारताशी संबंधित कामाचा माग काढताना जपानमधील फुकुओका येथील आशिया-पॅसिफिक प्रादेशिक कार्यालयापासून सुरुवात करावी.