जुन्या बाजारातल्या पार्टवर वॉकमन चालू करताय? या चुका टाळा

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथून एखादा बंद वॉकमन पार्टसाठी उचलायचा आणि घरचा चालू करायचा, हा बेत चांगलाच आहे. मी फसलो ते एवढ्यातच, की पार्ट देणारं मशीनही घरच्याइतकंच म्हातारं असतं हे लक्षात घेतलं नाही. मोटर, स्प्रिंगा, झाकण, बटणं खुशाल काढा. रबर मात्र काढू नका.

मी काढला होता. मोटरची फिरकी चाकांपर्यंत नेणारा रबरी बेल्ट बोटावर ताणून बघितला, बरा वाटला, चढवला. तिसऱ्या दिवशी गाणं डुलक्या घ्यायला लागलं. काही मशीनमध्ये तर बेल्टचा काळा चिकट पाक झालेला असतो. तो नखाने खरवडायचा नाही, बोटांवरून थेट फितीवर जातो. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुली, म्हणजे बेल्ट फिरतो ती चाकं, पुसायची, काडी स्वच्छ निघेपर्यंत. मला वीसेक काड्या लागल्या. मग बेल्टच्या वाटेवरून दोरा फिरवून मोजायचा आणि त्याहून साधारण ५ टक्के आखूड नवा बेल्ट घ्यायचा. ऑफिसातला रबरबँड लावणाऱ्यांना माझा नमस्कार.

खरेदीला जाताना खिशात दोन पेन्सिल सेल ठेवा. मोटर फिरली तर आवाज नसला तरी चालेल. बाहेरून जुळी दिसणारी मशीन आतून वेगळी निघतात, म्हणून मॉडेल नंबर बघा. मोटर उलटी फिरणारी असली किंवा तिच्या पुलीचा व्यास वेगळा असला, तर ती आपल्या कामाची नाही.

सेल गळून पत्र्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर व्हिडिओ बघून लगेच व्हिनेगर ओतू नका. अल्कलाइन सेलची गळती अल्कधर्मी, तिला व्हिनेगर बरोबर. पण आपल्याकडचे स्वस्तातले सेल बहुतेक झिंक-कार्बनचे, त्यांची गळती आम्लधर्मी. तिला खायचा सोडा किंचित पाण्यात कालवून लावायचा. दोन्ही वेळा शेवटी अल्कोहोलने पुसायचं. आतून काळी पडलेली वायर सोल्डर धरत नाही, सरळ बदला.

आता स्पीड. बऱ्याच मोटरींच्या पाठीला एक भोक असतं, आत छोटा स्क्रू. तो केसभर फिरवायचा, तोही प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने. लोखंडी स्क्रूड्रायव्हर हेडजवळ, म्हणजे फितीवरचं गाणं वाचणाऱ्या भागाजवळ, नेऊ नका, हेडला चुंबकत्व चढतं. नुसत्या कानावर विसंबू नका: स्पीड ६ टक्के वाढला की पेटीवरच्या पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं आणि आपल्याला ते फक्त ‘जरा तरतरीत’ वाटतं. ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट कॅसेट लावायची आणि फोनमधल्या फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या ॲपवर आकडा बघत स्क्रू फिरवायचा.

सगळं जमलं की पहिली कॅसेट आवडीची लावू नका. फीत ओढून घेणारं चाक अडलं, तर फीत हेडशेजारच्या दांडीभोवती गुंडाळत जाते. तिचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे दहा सेकंदांत हातभर. मी चहा आणायला स्वयंपाकघरात गेलो होतो. आमच्या मुंजीच्या कॅसेटमध्ये आता मंगलाष्टकं तिसऱ्या कडव्यापासून सुरू होतात.