जंगलातला लांबचा ट्रेक, एकट्याने आणि वादळी हवेत: निघायच्या आधीची तयारी

सॅक भरायला घ्यायच्या आधी एक कागद घ्या. कुठून मागे फिरायचं, किती वाजता चालणं थांबवून टेंट लावायचा, कुठल्या ओढ्याला पाणी जास्त असलं तर पलीकडे जायचंच नाही, हे सगळं घरी कोरड्यात बसून ठरवून लिहायचं, कारण भिजून गारठल्यावर डोकं नीट चालत नाही आणि एकटं असताना "बस झालं आता, थांब" म्हणणारं बाजूला कोणी नसतं. माझ्या मते खरी तयारी हीच, सामान नंतर.

रोजचं अंतर ठरवताना नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा हिशोब अजून कामाला येतो, दर ५ किलोमीटरला एक तास आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यात चिखल, आडवी पडलेली झाडं, जड सॅक काही धरलेलं नाही, त्यामुळे वेळ भरपूर वाढवून घ्या. मग त्या कागदाचा फोटो घरच्या एकाला पाठवा आणि कुठल्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर रेस्क्यूला कळवायचं तेही त्यात स्पष्ट लिहा, नुसतं "येतो जाऊन" म्हणण्याला काही अर्थ नाही.

कपड्यांत कॉटन नको, जीन्स तर नकोच. ओलं कॉटन अंगातली ऊब खेचून घेतं आणि वारा असेल तर १० डिग्रीलासुद्धा हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचं तापमान धोक्याइतकं खाली जाणं, होऊ शकतो, त्याला बर्फच लागतो असं नाही. लोकर किंवा सिंथेटिक घ्या, वरून चांगलं रेन जॅकेट. सॅकचं रेन कव्हर वाऱ्याने उडतं, म्हणून आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे त्यात. झोपायचे मोजे चालताना घालायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी. आणि जॅकेटची चेन बोटांनी लावता येईना झाली की तिथेच थांबायचं, आडोसा, कोरडे कपडे, काहीतरी गरम पोटात. कागदावर हेसुद्धा लिहा.

विजेचं मनात पक्कं करून जा. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. डोंगराच्या धारेवरून खाली उतरा, एकट्या उंच झाडाखाली नाही तर साधारण सारख्या उंचीच्या बुटक्या झाडांमध्ये थांबा, खोडाला टेकू नका, जमिनीवर आडवे होऊ नका, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं हलायचं नाही. टेंट लावताना आधी वर बघा, वाळलेली फांदी किंवा मेलेलं झाड डोक्यावर असेल तर जागा कितीही सपाट असली तरी सोडा. ओढ्याला लागून तर अजिबात नको, पाऊस लांब वरच्या अंगाला पडतो आणि पाणी इथे चढतं. ओढा ओलांडायचाच असेल तर सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा, पाऊस थांबल्यावर छोटे ओढे बहुतेक वेळा काही तासांत उतरतात.

फोन एअरप्लेन मोडवर, जीपीएस त्यात चालतो आणि नेटवर्क शोधण्यात बॅटरी जात नाही. ऑफलाइन मॅप घ्या, पण कागदी नकाशा आणि होकायंत्रही हवंच. शिट्टी सॅकच्या आत नाही, गळ्यात. मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, एक मिनिट गप्प, परत सहा. हेडटॉर्च, जास्तीचे सेल, टाचेला घासायला लागल्या लागल्या लावायची टेप आणि एक दिवसाचं जास्तीचं खाणं.

हे सगळं जमलं की एखाद्या रात्री पाऊस चालू असताना घराजवळच एकट्याने, फक्त हेडटॉर्चवर, टेंट लावून बघा. आतलं कापड ओलं झालं तर परत एकदा, कोरडं राहीपर्यंत.