गोल्ड फिल्ड दागिना: घेताना काय बघायचं, घरी कसा जपायचा

नागपुरात महाल भागात माझ्याकडे पोती, मंगळसूत्रं गाठवायला येणाऱ्या बायका हल्ली डबी उघडायच्या आधीच विचारतात, "काकू, हे गोल्ड फिल्ड आहे म्हणे. बेंटेक्ससारखं काळं पडते का हो?" कोणाच्या लेकीनं अमेरिकेतून पाठवलेलं असतं, कोणी ऑनलाइन मागवलेलं असतं. स्कूटीवर बर्डीच्या बाजारात जाताना खरं मंगळसूत्र गळ्यात ठेवायला जीव धजत नाही, म्हणून रोजच्यासाठी हे.

बेंटेक्सइतक्या लवकर नाही पडत. पण कसंही वापरलं तर तेही जातं, आणि ते कुठून जातं हे कळायला आधी ते बनतं कसं ते समजून घ्या.

पाणी चढवलेल्या, म्हणजे बेंटेक्ससारख्या, दागिन्यात आधी पितळेचा दागिना घडतो. मग तो द्रावणात बुडवून विजेच्या मदतीनं वर सोनं बसवतात. हा थर अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, स्वस्त मालात त्याहूनही कमी. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गोल्ड फिल्डमध्ये क्रम उलटा. पितळेच्या जाड गाभ्यावर सोन्याचा पत्रा ठेवून उष्णता आणि दाबानं दोन्ही एकजीव करतात, मग ते लाटून पत्रा काढतात किंवा ओढून तार काढतात. गाभा बारीक होतो तसा वरचा थरही पातळ होतो, पण दोघांचं प्रमाण तेच राहतं. शेवटी बारीक तारेवरही सोनं कित्येक मायक्रॉन जाड उरतं.

हे प्रमाण अमेरिकेच्या नियमात बांधलेलं आहे: वरचं सोनं निदान १० कॅरेटचं हवं आणि ते एकूण वजनाच्या निदान १/२० भरायला हवं. म्हणून साखळी अडकवायच्या फाशावर किंवा छोट्या पट्टीवर इंग्रजीत '१४/२० जीएफ' किंवा '१/२० १४के जीएफ' असा ठसा असतो. '१/४० आरजीपी' असं दिसलं तर ते रोल्ड गोल्ड, त्यात सोनं त्याच्या निम्मं. आता हिशोब करा. १० ग्रॅमची साखळी असेल तर त्यात १४ कॅरेटचं सोनं अर्धा ग्रॅम. १४ कॅरेटमध्ये शुद्ध सोनं ५८.५ टक्के, म्हणजे सगळं मिळून ०.२९ ग्रॅम. एवढ्यासाठी इतवारीच्या सराफा ओळीत कोणी मोड म्हणून हातात घेणार नाही. गोल्ड फिल्ड घालायला घ्या, पण सुनेला 'सोनं' म्हणून देऊ नका. आपल्याकडचे 'एक ग्रॅम सोन्याचे' दागिनेही हे नव्हेत. ते बहुतेक पाणी दिलेलेच असतात, आणि नावात ग्रॅम आहे म्हणून आत ग्रॅमभर सोनं असतंच असं नाही.

दुकानदार 'हॉलमार्कवालं गोल्ड फिल्ड' म्हणाला तर तिथून उठा. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, हॉलमार्क अशा दागिन्याला मिळत नाही. खऱ्या सोन्याच्या दागिन्यावर एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. गोल्ड फिल्डला कसोटीच्या दगडावर हलकं घासलं तर वरचं सोनंच उमटणार, त्यामुळे त्यावरून फार काही कळत नाही. वजन मात्र खोटं बोलत नाही: त्याच मापाची बांगडी २२ कॅरेटमध्ये जवळजवळ दुप्पट भरते. चुंबक लावून बघायचं तर साखळीला लावा, फाशाला नको. फाशात स्टीलची स्प्रिंग असली की तो चिकटतोच.

घेताना मी भिंगातून नेहमी कड्यांचे सांधे बघते. तार कापली की कापलेल्या टोकावर पितळ उघडं पडतं. बरा कारागीर ते टोक घट्ट मिटवतो, घाईचं काम असेल तर सांध्यात बारीक फट दिसते. घाम आधी तिथं शिरतो. दुसरी जागा फाशाजवळची शेवटची कडी, कारण रोज घर्षण तिथंच. तिसरी, बांगडीची आतली बाजू.

आता जपणूक. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अन् घामात मीठ असतं. उन्हातून आल्यावर दागिना काढा, ओल्या सुती फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं. रोज एवढं केलं तरी निम्मं काम झालं. अत्तर, बॉडी स्प्रे, सनस्क्रीन आधी लावा, ते अंगात मुरू द्या, दागिना शेवटी. पोहायला जाताना नको, क्लोरीन वाईट. संत्री सोलताना, लिंबं पिळताना अंगठी काढून ठेवा.

ठेवण्याच्या बाबतीत मात्र आपल्या घरांत एक गोम आहे: कूलर. उन्हाळाभर खोलीत ओलसर हवा खेळते आणि कूलरसमोरच्या ड्रेसिंग टेबलवर दागिने उघडे पडलेले असतात. बंद होणाऱ्या छोट्या पिशवीत एकेक वेगळा ठेवा, बुटांच्या किंवा औषधांच्या डब्यात येते ती सिलिका जेलची पुडी त्यात टाका. रबरबँडनं बांधू नका, रबरात गंधक असतं आणि त्यानं रंग उतरतो.

महालक्ष्म्यांच्या अंगावर घातलेले दागिने तर वर्षभरासाठी आत जातात. हळदकुंकू, फुलांचा ओलावा, उदबत्तीचा थर, सगळं तसंच गुंडाळून ठेवलं की पुढच्या भाद्रपदात सांध्यात हिरवट भुकटी निघते. विसर्जन झालं की त्याच दिवशी धुवा.

धुणं सोपं आहे. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, पाचेक मिनिटं बुडवा. लहान मुलाचा मऊ ब्रश सांध्यांवरून हलका फिरवा, साध्या पाण्यात खळबळा, टिपून घ्या आणि पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. रिठ्याचं पाणीही चालतं, फक्त रात्रभर भिजत ठेवू नका. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, पितांबरी ही भांड्यांची औषधं. त्यांनी चकाकी येते खरी, पण ती वरचं सोनं खरवडून येते. मोत्याची किंवा काळ्या मण्यांची दोऱ्यात गाठवलेली पोत तर पाण्यात घालूच नका. दोरा आत ओला राहतो, मण्यांची भोकं काळवंडतात आणि दोरा कुजून एक दिवस ताटात मणी पडतात. नुसती पुसा, आणि दोरा मळकट दिसला की गाठवून घ्या.

दुरुस्तीला देताना "हे फिल्ड आहे" हे तोंडानं सांगा. नाहीतर कारागीर सोन्यासारखीच त्याला आच देतो, डाक लावून सांधा जोडतो, तेजाबात म्हणजे आम्लात टाकतो, मग बफच्या, म्हणजे चकाकी आणायच्या, चाकावर घासतो. आचेनं रंग बिघडतो, तेजाब उघड्या पितळेला खातं आणि बफवर थरच जातो. कडी तुटली तर डाक न लावता नवीन कडी टाकून द्या म्हणावं, हे सगळ्यात बरं.

दागिना मंद दिसू लागला म्हणजे तो गेला, असं समजू नका. बहुतेक वेळा वर घामाचा, तेलाचा पातळ थर धरलेला असतो, तो साबणानं निघतो. धुऊन, वाळवून झाल्यावरही फाशाजवळ किंवा बांगडीच्या कडेला बाकीच्यापेक्षा वेगळा, फिकट पिवळा ठिपका उरला आणि तिथं बोट घासून नाकाशी नेलं तर नाण्याचा वास आला, तर ते पितळ. मग दोन वाटा. ठिपका आतल्या बाजूला असेल तर वर्षभर तसाच वापरा. समोर असेल तर सोन्याचं पाणी चढवून घ्या, पण ते पाणी पुन्हा पातळच असणार, हे धरून पैसे द्या.