स्मोक अलार्म आणि सीओ अलार्म: या चुका टाळा

घरोघरी स्मोक अलार्म (धूर ओळखणारे) आणि सीओ अलार्म (कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, हा वास नसलेला विषारी वायू ओळखणारे) बसवण्याचं आणि त्यांच्या तक्रारी निस्तरण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे बंद कसं करायचं?" हे का वाजतंय, असं विचारणारा क्वचित भेटतो. पुढच्या बहुतेक चुका याच घाईतून होतात, म्हणून सुरुवातही तिथूनच करतो.

बॅटरी काढून ठेवणं

माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी चूक. पहाटे कधीतरी छतावरून एक 'टिप्' येतो. मिनिटभराने पुन्हा 'टिप्'. झोपमोड झालेला माणूस स्टुलावर चढतो, बॅटरी उपसतो, "उद्या नवी आणू" म्हणतो आणि झोपी जातो. ती नवी बॅटरी काही येत नाही. तपासणीला गेलो की छतावर यंत्र दिसतं, झाकण उघडलं की बॅटरीची जागा रिकामी, आणि ती कधी काढली हे घरात कुणालाच आठवत नाही. एवढा काळ ते कुटुंब आपल्याकडे अलार्म आहे असं समजून झोपत असतं. मला याची काळजी अलार्म मुळातच नसलेल्या घरापेक्षा जास्त वाटते.

हा टिप् पहाटेच का येतो, याला साधं कारण आहे. रात्रीत घर थंड होतं, थंडीत बॅटरीचा व्होल्टेज थोडा उतरतो आणि संपत आलेली बॅटरी नेमकी तेव्हा इशाऱ्याच्या पातळीखाली जाते. दिवस वर आला की तीच बॅटरी पुन्हा तग धरते आणि यंत्र गप्प बसतं. त्यामुळे "आता वाजत नाही, म्हणजे ठीक आहे" असं समजू नका. बॅटरी संपत आलेलीच असते.

माझ्या घरी यंत्राची पुस्तिका आणि त्याच मापाची सीलबंद बॅटरी एकाच पाकिटात ठेवलेली असते. टिप् ऐकू आला की ती तेव्हाच बदलायची, सकाळची वाट बघायची नाही. पुस्तिकेत स्पष्ट परवानगी नसेल तर रिचार्जेबल बॅटरी घालू नका. तिचा व्होल्टेज शेवटी एकदम कोसळतो आणि यंत्राला इशारा द्यायला पुरेसा वेळ मिळत नाही.

बॅटरी बदलूनही टिप् थांबत नसेल तर आधी टिप् करणारं यंत्र तेच आहे का ते बघा. शेजारच्या खोलीतल्या सीओ अलार्मचा आवाज याच्या माथी मारलेला मी अनेकदा पाहिला आहे. यंत्र तेच असेल तर बॅटरी काढून टेस्टचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा आणि मग बॅटरी नीट बसवा. यंत्र घरच्या विजेवर चालणारं असेल तर आधी त्याचा पुरवठा बंद करा. तरीही टिप् चालूच राहिला तर यंत्राचं आयुष्य संपलेलं असण्याची शक्यता मोठी. पाठीमागची तारीख बघा.

फोडणीच्या किंवा करपलेल्या पोळीच्या धुराने वाजणारा अलार्म ही वेगळी तक्रार आहे, पण तिच्यावरही लोक हाच उपाय करतात: बॅटरी काढा, नाहीतर वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा. पिशवीचा मला मनापासून राग येतो. ज्याने ती बांधली तो ती सोडत नाही. बहुतेक यंत्रांवर आवाज काही मिनिटं दाबून ठेवणारं बटण असतं, ते त्यासाठीच दिलेलं आहे. आवाज दाबण्यापूर्वी धूर कुठून येतोय हे डोळ्यांनी बघायचं, एवढीच अट.

तरी रोज त्रास होत असेल तर जागा किंवा प्रकार चुकला आहे. स्मोक अलार्म चुलीपासून किमान ३ मीटर लांब हवा. आणि स्मोक अलार्म मुख्यतः दोन प्रकारचे असतात. आयनीकरणाच्या तत्त्वावरचा प्रकार ज्वाळांच्या आगीतले अगदी बारीक कण लवकर पकडतो, त्यामुळे स्वयंपाकाजवळ तो जास्त कुरकुर करतो. प्रकाशाच्या किरणावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, हा गादी, सोफा किंवा वायर आतल्या आत धुमसत असेल तर लवकर जागा होतो आणि रोजच्या स्वयंपाकाला कमी दाद देतो. एकच प्रकार घ्यायचा असेल तर मी फोटोइलेक्ट्रिक सुचवतो, जमत असेल तर दोन्ही सेन्सर असलेला. खुद्द स्वयंपाकघरात हवा असेल तर तापमानावर चालणारा हीट अलार्म मिळतो. मात्र झोपण्याच्या खोलीत तो स्मोक अलार्मची जागा घेऊ शकत नाही, कारण खोली तेवढी तापण्याआधीच धूर माणसाला गाठतो.

"वास तर काहीच येत नाही" म्हणून सीओ अलार्म खोटा ठरवणं

एके दिवशी सकाळी एका घरातून फोन आला. "दादा, तुम्ही बसवलेलं ते सीओचं यंत्र बिघडलंय. रोज सकाळी वाजतं, खिडकी उघडली की गप्प होतं. बदलून द्या." मागून आवाज येतच होता. चार बीप, मग खंड, पुन्हा चार बीप. मी म्हटलं, "ताई, यंत्राला हात लावू नका. गीझर, शेगडी, जे काही पेटलेलं आहे ते जाता जाता बंद करा, सगळ्यांना घेऊन घराबाहेर या, आपण बाहेर बोलू." त्या म्हणाल्या, "अहो, पण धूर नाही, वास नाही. आणि सासूबाईंच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून बघितलं, अठ्ठ्याण्णव आहे."

त्या मंडळींना बाहेर काढायला मला आवाज चढवावा लागला, आणि पुढच्या वेळीही मी तेच करेन. पोचलो तेव्हा सगळे फाटकापाशी उभे होते. विचारपूस केल्यावर हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलीचं डोकं सकाळी दुखायचं, मळमळायचं, शाळेत गेली की बरं वाटायचं. घरच्यांनी ते पित्तावर ढकललं होतं. सासूबाईंना न्हाणीघरातून आल्यावर भोवळ येत होती. ते वयावर ढकललं होतं. न्हाणीघरात गॅसचा गीझर होता. थंडी आत येते म्हणून झरोक्यावर प्लॅस्टिकची जाड शीट घट्ट ठोकली होती. सकाळी एकामागून एक अंघोळी व्हायच्या, गीझर सलग चालायचा, त्याला पुरेशी हवा मिळायची नाही, आणि अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. खिडकी उघडली की तो पांगायचा आणि अलार्म थांबायचा. यंत्र रोज बरोबर सांगत होतं, आणि घरात मात्र ते बिघडलंय अशी समजूत झाली होती.

ऑक्सिमीटरचं मुद्दाम सांगतो, कारण तो आता पुष्कळ घरांत असतो आणि त्याच्यावर लोकांचा भलताच विश्वास बसला आहे. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या २००हून अधिक पट जोराने चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे विषबाधा झालेल्या माणसाचा आकडाही छान दिसतो. खरं चित्र रुग्णालयातल्या रक्ततपासणीतच कळतं. तिथे मास्कने ऑक्सिजन देतात, कारण साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर शुद्ध ऑक्सिजनवर साधारण एक ते दीड तास. त्या कुटुंबाला मी थेट रुग्णालयात पाठवलं आणि डॉक्टरांना "सीओचा अलार्म वाजत होता" हे वाक्य न विसरता सांगायला लावलं. ते सांगितलं नाही तर डोकेदुखी आणि उलट्या बघून डॉक्टरांचा विचार दुसरीकडे जाऊ शकतो.

तेव्हा आवाज ओळखायला शिका. बऱ्याच यंत्रांमध्ये तीन बीप आणि खंड म्हणजे आग, चार बीप आणि खंड म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि मिनिटाला एखादा टिप् म्हणजे बॅटरी किंवा यंत्राचं वय. आपल्या यंत्राचा नेमका संकेत पुस्तिकेत बघून घ्या. सीओचा संकेत आला की मोकळ्या हवेत या, डोकी मोजा, अग्निशमन दलाला फोन करा आणि तपासणी होईपर्यंत परत आत जाऊ नका. खिडक्या उघडल्यावर यंत्र गप्प झालं तरी वायू जिथून येतो ती जागा तशीच असते.

याच्या नेमकी उलट तक्रार अधीर मंडळींची. नवं यंत्र आणलं की ते पेटत्या शेगडीवर किंवा गाडीच्या धुराड्यापाशी धरायचं आणि लगेच वाजलं नाही की "बोगस माल" म्हणायचं. सीओ अलार्म वायूचं प्रमाण आणि वेळ यांचा हिशोब एकत्र करतो. युरोपातल्या ईएन ५०२९१ या मानकानुसार ५० पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ५० भाग) तो ६० ते ९० मिनिटांत वाजायला हवा, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. थोडक्या वायूला तो उशिरा वाजतो कारण शरीरातही विष तसंच हळूहळू साठतं. धुराड्याच्या प्रयोगाने सेन्सर मात्र खराब होऊ शकतो. टेस्टचं बटण दाबा आणि तेवढ्यावरच थांबा.

खोटा अलार्म कधीच येत नाही असं नाही. चार्ज होणाऱ्या इन्व्हर्टरच्या ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि बऱ्याच सीओ सेन्सरना तोही जाणवतो. पण हा शोध सगळे बाहेर आल्यानंतर लावायचा.

भलतंच यंत्र घेणं

सीओ अलार्म सिलिंडरची गळती ओळखत नाही. एलपीजीचा डिटेक्टर कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. स्मोक अलार्म या दोन्हींपैकी काहीच ओळखत नाही. खोक्यावर 'गॅस' लिहिलंय एवढं बघून घेऊ नका, कोणता गॅस ते वाचा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू हलका, म्हणून त्याचा छताजवळ. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचितच हलका असतो आणि खोलीभर मिसळतो, त्यामुळे तो "खाली बसतो" म्हणून अलार्म जमिनीलगत लावण्याला काही अर्थ नाही. पुस्तिकेत दिलेली उंची पाळा आणि यंत्र झोपण्याच्या खोल्यांजवळ असू द्या.

जागेच्या बाबतीत

एक यंत्र हॉलमध्ये लावलं की काम झालं, असं मानणारे फार. बंद दारामागे गाढ झोपलेल्या माणसाला हॉलमधला आवाज जागं करेलच असं नाही, आणि धुराचा वास झोपेतून उठवेल या भरवशावर तर राहूच नका. प्रत्येक झोपण्याच्या खोलीत, त्या खोल्यांच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर एकेक स्मोक अलार्म हवा. शक्य असेल तर एक वाजला की सगळे वाजतील असे जोडलेले घ्या. लहान मुलं नेहमीच्या किंचाळणाऱ्या आवाजातही झोपून राहू शकतात, तेव्हा त्यांना कोण उठवणार हे मोठ्यांनी आधीच ठरवा.

छतावर लावा. भिंतीवर लावायचा असेल तर छतापासून ३० सेंटीमीटरच्या आत. पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून किमान ९० सेंटीमीटर दूर, एसीच्या झोतात नको, न्हाणीघराच्या दारासमोर नको.

आणखी काही चुका, ज्यांवर जास्त बोलायची गरज नाही. रंगकाम करताना यंत्रावरही ब्रश फिरवू नका. रंग लागलेलं यंत्र सरळ बदला. बांधकामाच्या वेळी घातलेली धूळटोपी काम संपल्यावर काढा. जाळ्या आणि धूळ व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने काढा, ओल्या फडक्याने किंवा फवाऱ्याने नाही. जनरेटर घरात, गॅरेजमध्ये किंवा खिडकीखाली चालवू नका; तो दारं-खिडक्यांपासून किमान ६ मीटर लांब हवा, आणि "सीओ अलार्म आहे ना" ही त्यातून सूट नव्हे. कोळशाची शेगडी बंद खोलीत, अगदी विझत आलेली असली तरी, नको.

टेस्ट आणि वय

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. मी महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबतो, घरातले सगळे जागे असताना, म्हणजे प्रत्येकाच्या कानाला आवाजाची ओळख राहते. पण हे बटण भोंगा, बॅटरी आणि सर्किट तपासतं. सीओचा सेन्सर म्हातारा झालाय का हे ते सहसा सांगत नाही. म्हणून तारीख महत्त्वाची. स्मोक अलार्म १० वर्षांनी बदलायचा, आणि ती वर्षं बनवल्याच्या तारखेपासून मोजायची, विकत घेतल्याच्या नाही. सीओ अलार्मचं आयुष्य मॉडेलप्रमाणे साधारण ५ ते १० वर्षं. पाठीवर लिहिलेलं असतं. बसवताना मी बदलायचं साल जाड मार्करने यंत्राच्या कडेला लिहून ठेवतो, खालून वाचता येईल असं. ते बरं दिसत नाही अशी तक्रार येते, मी तरीही लिहितो.

जुनं यंत्र काढल्यावर ते खोलून बघू नका, जाळूही नका. आयनीकरण प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. झाकण बंद असताना त्याचा धोका नाही, पण फोडल्यावर ते शरीरात जाता कामा नये. पुस्तिकेत परत करायची पद्धत दिलेली असते, नाहीतर स्थानिक ई-कचरा केंद्रात विचारा. नवं यंत्र वर बसून टेस्ट झाल्याशिवाय जुनं खाली उतरवू नका.